शहाण्णव टिपांची वही

२२ नोव्हेंबर २०२२, मंगळवार. आमची पहिली पाळी साडेतीनला सुटते आणि कतारच्या विश्वचषकात अर्जेंटिनाचा सौदी अरेबियाशी सामना नेमका साडेतीनलाच होता. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत, गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यावर मोल्डिंग आणि कोअर शॉपची सात-आठ पोरं एका मोबाईलवर वाकली होती. हातावरची काळी वाळू पुरती धुतलीही नव्हती. त्यातला एकजण मला म्हणाला, "काका, आज टेन्शन न्हाई. बँकर हाय."

बँकर म्हणजे हमखास येणारी टिप. टेलिग्रामवरच्या एका चॅनेलनं ती दुपारी टाकली होती: अर्जेंटिना जिंकणार, नेहमीपेक्षा मोठी रक्कम लावा. सलग ३६ सामने न हरलेला संघ होता, मग शंका कोण घेणार? दहाव्या मिनिटाला मेस्सीनं पेनल्टी मारली तेव्हा गाड्यावर आरोळी उठली. मध्यंतरानंतर ४८ व्या आणि ५३ व्या मिनिटाला सौदीनं दोन गोल केले आणि सामना २-१ नं गेला. त्या पोराचे चार हजार गेले. रात्री त्यानं चॅनेल उघडलं, तर दुपारची टिपच तिथं नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पुसला तर पुसल्याची ओळ तरी मागे राहते. टेलिग्रामच्या चॅनेलवर चालवणाऱ्यानं मेसेज काढला की काही झालं होतं याचाही पत्ता लागत नाही.

दुसऱ्या दिवशी तो मला हे सांगत होता तेव्हा मला पैशांपेक्षा त्या पुसण्याचा जास्त संताप आला. माझी सगळी नोकरी फौंड्रीत तपासणीत गेली. भट्टीतून धातू ओतला की प्रत्येक ओतीला हीट नंबर पडतो. कास्टिंगमध्ये ब्लो होल निघालं, तडा निघाला, तर त्यावर लाल रंगाचा फराटा मारून ते बाजूला जातं आणि नंबरासकट रजिस्टरात चढतं. पुढे ते परत वितळेल, पण नोंद वितळत नाही. रिजेक्शनचा टक्का काढताना भागाकार कशानं करायचा, तर ओतलेल्या सगळ्या नगांनी. चांगलेच नग मोजून "आमचं काम शंभर टक्के" म्हणणाऱ्याला कुठलंही गिऱ्हाईक दारात उभं करणार नाही. आणि इथं हीच पोरं, जी दिवसभर त्या रजिस्टरावर जगतात, ती संध्याकाळी ज्याच्या भरवशावर पगार लावत होती त्याचं रजिस्टर रोज रात्री खाडाखोड होत होतं.

म्हणून २३ नोव्हेंबरपासून मी वही घातली. पैसे लावले नाहीत, फक्त लिहिलं. टिप आली की तो पोरगा मला फोन करायचा आणि मी सामना सुरू व्हायच्या आत रकाने भरायचो: तारीख, वेळ, सामना, टिप, चॅनेलनं सांगितलेला भाव, पोरांना पैजेच्या अ‍ॅपवर खरोखर मिळालेला भाव, आणि शेवटी निकाल. १० जून २०२३ ला इस्तंबूलमध्ये मँचेस्टर सिटीनं इंटर मिलानला १-० नं हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली, त्या रात्री वही थांबवली. साडेसहा महिन्यांत ९६ टिपा झाल्या होत्या.

त्याच आठवड्यात चॅनेलवर हिरव्या खुणांचा एक तक्ता आला. वर ठळक लिहिलं होतं: यश ७८ टक्के. मी वहीशी ताडून पाहिलं. चॅनेलवर तेव्हा ६० टिपा शिल्लक होत्या आणि त्यातल्या ४७ बरोबर होत्या. वहीतही बरोबर आलेल्या ४७ च होत्या, पण ९६ पैकी. म्हणजे ३६ टिपा काढून टाकल्या होत्या, सगळ्या चुकलेल्या. तेरा चुकलेल्या मात्र राहू दिल्या होत्या. त्या तेरांनीच मला सर्वात जास्त अस्वस्थ केलं. सगळ्याच चुका पुसल्या असत्या तर संशय आला असता. थोड्या ठेवल्या की माणूस प्रामाणिक वाटतो. हा निष्काळजीपणा नव्हता, विचार करून केलेलं काम होतं.

९६ पैकी ४७, म्हणजे ४९ टक्के. पोरं म्हणाली, "मग काय झालं, निम्म्या तर आल्या." इथं भावाचं गणित सांगावं लागतं. समोरासमोरच्या दोन शक्यतांना बुकी १.९० असा सारखाच भाव देतो तेव्हा शंभर रुपयांवर नव्वद मिळतात, पण हरल्यावर शंभर जातात. नुसतं बरोबरीत राहायला शंभरात साधारण साडेबावन्न टिपा बरोबर याव्या लागतात. वरचा तो अडीच टक्क्यांचा उंबरठा बुकीच्या कमाईमुळे येतो. आमच्या वहीत मिळालेला सरासरी भाव १.८५ होता, त्या भावानं ९६ पैकी ५२ आल्या असत्या तर मुद्दल सुटलं असतं. आल्या ४७. प्रत्येक टिपेला शंभर रुपये धरले, तर ९,६०० लावून परत आले ८,६९५. तोटा ९०५ रुपये.

चॅनेलनं सांगितलेला सरासरी भाव मात्र २.०५ होता. त्या भावानं हीच वही पस्तीस रुपये फायद्यात जाते. एकाही टिपेचा निकाल न बदलता फक्त भाव फुगवला की तोट्याचा फायदा होतो. सुरुवातीला मला वाटलं, टिप येताच हजारो लोक तुटून पडत असतील आणि भाव उतरत असेल. फेब्रुवारीत एका रात्री आम्ही दोघं अ‍ॅप उघडून बसलो आणि मेसेज पडल्या मिनिटाला बघितलं. भाव १.८५ च होता. २.०५ आमच्या डोळ्यांनी आम्हाला कधीच दिसला नाही.

जानेवारीपासून मी आणखी एक रकाना वाढवला होता: सामना सुरू होतानाचा भाव. शिट्टी वाजायच्या वेळेचा भाव हा बाजारानं केलेला सर्वात शहाणा अंदाज असतो, कारण जखमी कोण, मैदानावर कोण उतरणार, पाऊस आहे का, हे सगळं तोवर त्यात जिरलेलं असतं. टिप देणाऱ्याला खरोखर काही आधी कळत असेल, तर त्याच्या टिपेवर मिळालेला भाव शेवटच्या भावापेक्षा वारंवार चढा दिसायला हवा. निकाल नशिबानं हलतो, हे माप तितकं हलत नाही. आमच्या वहीत तसं काही दिसलं नाही. कधी थोडा वर, कधी थोडा खाली, बहुतेक वेळा तिथंच.

आणि समजा ५५ टिपा आल्या असत्या, तर? तरीही मी त्याला जाणकार म्हटलं नसतं. नाणं ९६ वेळा उडवलं तर छापा ३८ पासून ५८ पर्यंत कितीही वेळा पडू शकतो, त्यात नवल काही नाही. पन्नास टक्केवाला आणि पंचावन्न टक्केवाला यांतला फरक ओळखायला निदान चारशे टिपांची अखंड नोंद लागते. पाच टिपा ओळीनं आल्या म्हणून जी पोरं चॅनेलच्या व्हीआयपी ग्रुपात शिरली, त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

व्हीआयपी ग्रुपची फी दरमहा ५०० रुपये. सहा महिन्यांचे ३,०००. टिपा इतक्या चांगल्या आहेत असं समजू की लावलेल्या पैशावर पाच टक्के सुटतात, आणि जगभरात असं टिकवणारे फार थोडे. तरी नुसती फी वसूल व्हायला ६०,००० रुपये लावावे लागतील, म्हणजे दर टिपेला ६२५. कंत्राटी पोराच्या हातात दिवसाला काय पडतं ते शिरोलीत कुणाला सांगायला नको.

विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं पान मी आजही उघडून बघतो. १८ डिसेंबर २०२२, रविवार, रात्री साडेआठ. कोल्हापुरात त्या महिन्यात गल्लीगल्लीत मेस्सी, नेमार, रोनाल्डो यांचे कटआऊट उभे होते आणि पताका लागल्या होत्या. त्या दिवशी दुपारी दोन पोरांचे दोन फोन आले. दोघंही एकाच चॅनेलचे, पण एक फुकटच्या ग्रुपात आणि दुसरा व्हीआयपीत. एकाला टिप होती अर्जेंटिना, दुसऱ्याला फ्रान्स. मी दोन्ही लिहून घेतल्या आणि गप्प बसलो. सामना सगळ्यांना पाठ आहे: मेस्सी, दि मारिया, मग ८० व्या आणि ८१ व्या मिनिटाला एम्बापे. नव्वद मिनिटांअखेर २-२, जादा वेळेत ३-३, पेनल्टीवर ४-२ नं अर्जेंटिना. फटाके रात्री उशिरापर्यंत वाजत होते.

सोमवारी चहाच्या गाड्यावर अर्जेंटिनावाला आला. गळ्यात निळा-पांढरा स्कार्फ, डोळे रात्रभर जागलेले. मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाला, "काका, आपुन जिंकलो. मग पैसं का गेलं?" सामन्याच्या निकालावरची साधी पैज नव्वद मिनिटं आणि वर वाढवलेली भरपाईची मिनिटं एवढ्यावरच ठरते; जादा वेळ आणि पेनल्टी त्यात धरत नाहीत. कागदावर तो सामना बरोबरीचा होता. त्याचेही गेले आणि फ्रान्सवाल्याचेही गेले. चॅनेलवर मात्र अर्जेंटिनापुढं हिरवी खूण झळकत होती. या पोरानं लहानपणापासून ज्या संघाची वाट पाहिली, तो छत्तीस वर्षांनी विश्वविजेता झाला त्या सकाळी तो पैशाचा हिशेब विचारत उभा होता. मला फार वाईट वाटलं.

दोन ग्रुपांना उलटसुलट टिपा देण्याची युक्ती जुनी आहे. १,०२४ लोक घ्या, निम्म्यांना एक सांगा, निम्म्यांना दुसरं. ज्यांचं चुकलं त्यांना सोडा, उरलेल्यांना पुन्हा निम्म्यात वाटा. पाच फेऱ्यांनंतर ३२ माणसं अशी उरतात की ज्यांना पाचही वेळा खरं सांगितलं गेलं. ती बत्तीस माणसं शपथेवर सांगतील की हा माणूस देव आहे, आणि त्यांच्यापुरतं त्यात एकही अक्षर खोटं नसतं.

आमच्या वडिलांच्या पिढीला हे सगळं मटक्याच्या रूपात माहीत होतं. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर लागणारे आकडे बंद पडल्यावर कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये आणि रतन खत्रींनी १९६४ मध्ये मटका उभा केला, आणि ओपन-क्लोजचे आकडे राज्यभर पानटपऱ्यांवर पोहोचले. तेव्हाही आकडा सांगणारे बाबा होते, जुन्या आकड्यांचे चार्ट विकणारे होते. पण बाबाची कमाई दक्षिणेवर असायची. आताच्या या धंद्यात एक गोष्ट अधिक आहे, आणि ती कळायला मला तीन महिने लागले. प्रत्येक टिपेखाली एक लिंक असते. त्या लिंकवरून जो अ‍ॅपवर नाव नोंदवतो, तो जेवढं हरेल त्यातला ठरलेला टक्का लिंक देणाऱ्याला मिळतो, अशी बोली या धंद्यात सर्रास असते. तसं असेल तर टिप देणारा आणि टिप घेणारा पैजेच्या दोन बाजूंना उभे आहेत. ५०० रुपये फी ही वरची चिल्लर.

जूनमध्ये मी वहीची पानं गाड्यावर सगळ्यांपुढं ठेवली. दोघं-तिघं त्याच दिवशी ग्रुपातून बाहेर पडले. काहींनी मान हलवली आणि ऑगस्टमध्ये नवा मोसम सुरू होताच दुसऱ्या नावाच्या चॅनेलात गेले. ज्याचे चार हजार गेले होते त्याला सुटायला आणखी वर्ष लागलं, आणि तेही घरच्यांना कळल्यावर. त्याची आई कारखान्याच्या गेटवर आली होती, एवढंच लिहितो.

२२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींच्या सहीनं ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा आला. पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि ते मला योग्य वाटतं. जाहिरात करणाऱ्याच्या रांगेत हे टिपवाले बसतात असं माझं मत आहे. पैजेची मोठी नावं थांबली. परदेशातून चालणारी अ‍ॅप आणि रोज नाव बदलणारी चॅनेल थांबवणं अवघड जातंय.

मला राग येतो तो आणखी एका कारणानं. हे कोल्हापूर आहे. इथं पाटाकडील आणि खंडोबा, दिलबहार आणि बालगोपाल, शिवाजी आणि प्रॅक्टिस या इथल्या संघांच्या सामन्याला शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर उन्हात पाय ठेवायला जागा नसते. इथला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. फुटबॉल कळणाऱ्या या गावातली पोरं सामना बघताना "दोनच्या वर गोल होतात का" एवढंच बघायला लागली होती. तिसरा गोल झाला की मोबाईल खिशात. गोल कुणी केला, पास कुणाचा होता, हे विचारलं तर सांगता येत नव्हतं.

आता २०२६ च्या विश्वचषकाच्या तोंडावर चॅनेलं पुन्हा जागी झाली आहेत. परवा रात्री त्या चार हजारवाल्या पोराचा मेसेज आला. त्यानं एका नव्या चॅनेलचा तक्ता पाठवला होता: गेल्या विश्वचषकात यश ७८ टक्के. खाली लिहिलं होतं, "काका, डिपार्टमेंटला नवी पोरं आल्यात. फायनलच्या पानाचा फोटो टाका की."

मी वही काढली, १८ डिसेंबरचं पान दिव्याखाली सपाट धरलं आणि दोन्ही टिपा नीट दिसतील असा फोटो काढून पाठवला.