नवी मुंबईत उतरायचंय? आधी अपडेट बघा

वसई-विरारच्या फ्लाइट सिमवाल्यांनो, नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं उडतायत. तुमच्या सिममध्ये ते नुसतं बघायचं तर सीनरी लागते. पण अ‍ॅप्रोच नीट करायचा तर ताजा नेव्हिगेशन डेटा हवा. तो जगभर दर २८ दिवसांनी बदलतो.

म्हणून आधी सिम अपडेट करा. मायक्रोसॉफ्टच्या २०२०च्या फ्लाइट सिमचं अपडेट दोन टप्प्यांत येतं. आधी स्टोअरमधून मूळ प्रोग्रॅम, मग सिम उघडल्यावर उरलेला डेटा. वर्ल्ड अपडेट्स सिममध्ये वेगळे शोधावे लागतात, हे जरा वैतागच आहे.

अपडेट सुरू करण्याआधी कम्युनिटी फोल्डरमधले अ‍ॅड-ऑन दुसरीकडे हलवा. अपडेटनंतर सिम अडकलं, तर बहुतेक वेळा जुनं अ‍ॅड-ऑनच नडतं. एकेक परत टाकलं की कुठलं ते लगेच सापडतं.

आणि हो, डाउनलोड मध्येच तुटू नये म्हणून इन्व्हर्टरवर राउटरही जोडा. आपल्याकडची वीज माहितीये ना!