पत्र्यावर पाऊस वाजतो तेव्हा

२०२२ चा जुलै. पाचवीचा वर्ग. बाहेर पाऊस वाढला तसा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, मी दाराजवळ बसू?" दप्तर त्याने खांद्यावरून काढलंच नव्हतं. आधी मला राग आला. मग कळलं, आदल्या वर्षी दरडीत त्याचं घर गेलं होतं आणि घरचे सगळे कंटेनरमध्ये राहत होते. पाऊस वाढला की तो पळायच्या तयारीत असायचा. त्या दिवसापासून दाराजवळची जागा त्याची झाली.

महाड-पोलादपूरच्या माणसाला संकट नवीन नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या कोयनेच्या भूकंपाची आठवण म्हातारी माणसं अजून काढतात. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडच्या काजळपुऱ्यात तारिक गार्डन ही इमारत पडून १६ जण गेले. २२ जुलै २०२१ रोजी तळीये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली, महाड शहर पुरात बुडालं.

गेलेल्यांसाठी आपण दुआ करतो. वाचलेल्यांना तांदूळ, भांडी, चादरी देतो. पण त्यांच्या मनाचं काय, हे कोण विचारतं?

तात्पुरतं घर हे नाव छोटं, मुक्काम मात्र लांबतो. दासगावच्या दरडग्रस्तांनी पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं काढली. पत्र्यावर पाऊस पडला की बोललेलं ऐकू येत नाही, आणि तोच आवाज त्या रात्रीची आठवण करून देतो. उन्हाळ्यात आत बसवत नाही. अंगण नाही, ओटा नाही, बाईमाणसाला घटकाभर एकटीने रडायला कोपरा नाही. पुरुषाचा दिवस कागदपत्रांच्या चकरांत जातो. किल्लारीचंही असंच झालं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोक आधी पत्र्याच्या निवाऱ्यात राहिले, मग नवी गावं उभी राहिली. रस्ते रुंद झाले, पण जुने शेजार तुटले. झोप न लागणं, धास्ती, उदासी या तक्रारी नव्या घरातही सोबत आल्या.

आमच्या नात्यातल्या एका खालाचं घर पुराच्या चिखलाने भरलं होतं. पुढचे कित्येक महिने ती दुसऱ्याच्या खोलीत राहिली. सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशाशी घेऊन झोपायची. एकदा म्हणाली, "लोक म्हणतात, जान वाचली, शुक्र करा. ते तर मी करतेच गं. पण झोप येत नाही त्याचं काय करू?"

खालाच्या ईमानात काही कमी नव्हतं. मोठा धोका पाहिलेलं शरीर सावध राहायला शिकतं, आणि धोका टळला तरी ते सावधपण लवकर सुटत नाही. पहिले काही आठवडे दचकणं, रडू येणं, भूक मरणं साहजिक आहे. बहुतेक माणसं हळूहळू सावरतात. पण महिना उलटला तरी तीच दृश्यं डोळ्यांसमोर येत असतील, माणूस कामाला हात लावत नसेल, दारूकडे वळला असेल, मूल पुन्हा अंथरूण ओलं करत असेल किंवा कोणी "मीच का वाचलो" असं म्हणत असेल, तर डॉक्टरांकडे जायला हवं. आणि जगणंच नको असं कोणी बोललं तर महिनाही थांबू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी.

"सब्र कर" हे शब्द आपण फार लवकर वापरतो. सब्र म्हणजे तोंड मिटून कुढणं नव्हे. ताप आला तर दुआही करतो आणि गोळीही घेतो. मनाच्या दुखण्याला वेगळा नियम का?

घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी करण्यासारखं बरंच आहे. बोलायची जबरदस्ती करू नका, बोललं तर मध्ये न तोडता ऐका. "त्यांचं तर सगळंच गेलं, तुमचं काय" अशी तुलना नको. मुलांची शाळा, जेवणाची आणि झोपेची वेळ सांभाळा. बायकांना आठवड्यातून एकदा एकत्र बसायला जागा द्या. मस्जिदीच्या जमातीने धान्याबरोबर चार घरी नुसतं बसायलाही जावं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही जावं. कारण पहिल्या महिन्यानंतर येणारे कमी होतात.

सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनाशुल्क मिळते. मराठीतही बोलता येतं. गावातल्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारलं तर पुढे कुठे जायचं ते कळतं. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलेला माणूस वेडा ठरत नाही, हे आधी आपल्या घरात बोलून ठेवा.

तो मुलगा पुढच्या पावसाळ्यातही दाराजवळच बसायचा. फक्त एक दिवस माझ्या लक्षात आलं, बाहेर धो धो पाऊस होता आणि त्याचं दप्तर बाकाखाली होतं. मी काही बोलले नाही. धडा पुढे चालू ठेवला.