छोट्या गाडीला मोठे नाक हवे कशाला?



लागण, खोडवा, खताचे हप्ते यांवर आम्ही या पानावर नेहमी लिहितो. या अंकात विषय मोटारीचा घेतला आहे. शिवारफेरीला गेलो की अलीकडे उसाच्या जोडीने एक प्रश्न हमखास निघतो : "साहेब, गाडीला ते मोठं एअर फिल्टर बसवू का? चढाला चांगली ओढते म्हणतात." विचारणारी बहुतेक आपल्या सभासदांचीच मुले असतात. मळवली, भाजे, लोहगडवाडी या बाजूला शेतीला जोड म्हणून छोटी मोटार घेऊन पर्यटकांची ने-आण करायची, हा आता चांगला धंदा झाला आहे. जुलै २०२५ मध्ये लोहगडासह मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मुळातच गर्दी असते. अशा दिवसांत गाडी बंद पडली तर हंगामच बुडाला. म्हणून खर्च करण्याआधी हिशेब मांडलेला बरा.

इंजिनाला हवा किती लागते?

एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलला जवळजवळ दहा हजार लिटर हवा. पाण्याचा मोठा टँकर डोळ्यांसमोर आणा, तेवढी हवा एका लिटरमागे फिल्टरमधून जाते. यावरून फिल्टर विकणारे सांगतात की नाक मोठे केले की हवा जास्त, हवा जास्त की ताकद जास्त. ऐकायला पटते. पण मध्ये एक गोष्ट राहून जाते.

आपल्या विहिरीवरच्या मोटरीचे उदाहरण घ्या. डिलिव्हरीचा कॉक अर्धा बंद ठेवला आणि सक्शनचा पाइप तीन इंचीचा चार इंची केला, तर दंडाला पाणी वाढेल काय? नाही वाढणार. पेट्रोल गाडीत हा कॉक म्हणजे थ्रॉटल. अॅक्सिलेटर अर्धा दाबला की थ्रॉटल अर्धवट उघडते आणि हवा तिथे अडते. रोजच्या चालवण्यात थ्रॉटल पूर्ण उघडते ते क्वचितच. तेव्हा एरवी फिल्टर मोठा काय आणि छोटा काय, फरक पडत नाही.

चढावरचा हिशेब

आता कोणी म्हणेल, भाज्यावरून गायमुख खिंडीकडे चढताना पाच माणसे गाडीत असली की अॅक्सिलेटर तळाला लागतो, त्याचे काय? रास्त प्रश्न आहे. मूळ फिल्टर स्वच्छ असेल तर त्याची अडवणूक शंभरात साधारण दोन-तीन भागांची असते. ती सगळी काढली असे धरले, तरी ७९६ सीसीच्या अल्टोच्या सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अश्वशक्तीत एक-दीड अश्वशक्तीची भर पडेल. तीही इंजिन जोरात फिरत असताना. चढावर आपण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत असतो.

उलट तोटा मोठा आहे. कंपनीने हवेचे नळकांडे बहुधा पुढच्या बाजूला, बॉनेटच्या उष्णतेपासून दूर काढलेले असते. बाजारात मिळणारा उघडा कोनासारखा फिल्टर बॉनेटच्या आत, तापलेल्या इंजिनाशेजारी बसतो. हवा दर दहा अंशांनी तापली की सुमारे तीन टक्के विरळ होते. हळू चढताना बॉनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा वीस अंशांनी जास्त तापली, तर सहा टक्के हवा गेली. मिळाले दोन-तीन, गेले सहा. आवाज तेवढा मोठा येतो आणि त्या आवाजालाच पोरे ताकद समजतात.

उंचीचाही बाऊ नको. दर शंभर मीटर उंचीला हवा सुमारे एक टक्का विरळ होते. मळवलीपासून वाडीपर्यंतची ही घट थोडक्या टक्क्यांचीच आहे, आणि फिल्टर बदलून ती भरून निघत नाही.

धूळ आणि पाणी

ट्रॅक्टरचा तेलाचा एअर क्लीनर आपल्याला माहीत आहे. त्याच्या तळाला साचलेला गाळ पाहिला की वाटते, हे सगळे इंजिनात गेले असते तर! धुळीतली वाळू पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासते. चांगला कागदी फिल्टर जवळजवळ सगळी धूळ धरतो. तेल लावलेल्या सुती जाळीचे फिल्टर हवा जास्त सोडतात, तशी साधारणपणे धूळही जास्त सोडतात. तेल जादा झाले तर काही गाड्यांत हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसते आणि गाडी अडखळू लागते.

कोल्ड एअर इन्टेक म्हणून मिळणाऱ्या संचात नळी बंपरजवळ खाली नेतात. हवा थंड मिळते हे खरे. पण लोणावळ्याच्या बाजूचा पाऊस आपणास सांगायला नको. रस्त्यावरून ओढा वाहत असताना खाली नेलेल्या नळीतून पाणी इंजिनात शिरले, की पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. खर्च हजारांत राहत नाही, आणि साध्या विमा पॉलिसीत असे नुकसान बहुधा धरत नाहीत. गाडी वॉरंटीत असेल तर तीही अडचणीत येते.

मग हे खूळ आले कुठून?

जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत फिल्टर तुंबला की पेट्रोल जास्त ओढले जाई, धूर काळा येई, अॅव्हरेज पडे. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली तर संगणक पेट्रोलही कमी सोडतो. त्यामुळे तुंबलेल्या फिल्टरने पिकअप मरतो, पण अॅव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही.

अॅव्हरेज घटल्याची हल्लीची तक्रार इथेनॉलशी जोडली जाते. हा विषय आपल्या घरचा आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते, आणि त्यात उसाचा मोठा वाटा आहे. लिटरमागे इथेनॉलात पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश उष्णता असते. त्यामुळे अॅव्हरेज काही टक्के कमी होणे साहजिक आहे. पण इथेनॉलला हवा वजनाच्या नऊपटच लागते, पेट्रोलपेक्षा कमी. म्हणजे त्यावर मोठा फिल्टर हा इलाजच नव्हे.

शर्यतीच्या गाडीचा कॅमशाफ्ट, सायलेन्सर, संगणकाची जुळणी सगळेच बदलतात. तिथे मोठे नाक उपयोगी पडते. आपल्या प्रवासी गाडीला त्याची गरज नाही.

करायचे काय?

१) कंपनीचाच कागदी फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला बदला, धुळीच्या रस्त्यावर त्याआधी. खर्च काहीशे रुपयांचा आहे.

२) कागदी फिल्टर धुऊ नका. साफ करायचा तर हलक्या दाबाची हवा आतून बाहेर मारा.

३) डब्याच्या क्लिपा घट्ट आहेत ना, नळीला चीर नाही ना, हे पाहा. गाडी गोठ्याजवळ उभी राहत असेल तर डब्यात उंदराचे घर सापडते.

४) प्लग, क्लच आणि टायरमधील हवा तपासा. चढाला एसी बंद करून गिअर वेळेत खाली घ्या.

५) सातशे किलोच्या गाडीत पाच माणसे म्हणजे आणखी साडेतीनशे किलो. एक माणूस कमी घेतला की एकूण ओझे सहा टक्क्यांहून अधिक उतरते. कोणत्याही फिल्टरने हे साधत नाही.

तेव्हा फिल्टरवर घालायचे काही हजार रुपये टायर आणि सर्व्हिसिंगला ठेवा. घरच्या पोरांना हा लेख वाचायला द्या, आणि आमचे म्हणणे पटले नाही तर गटाच्या बैठकीत जरूर विचारा.

जय सहकार.

— ऊस विकास अधिकारी