नागावला ‘वारी’ म्हणजे पंढरीची वारी नव्हे! अलिबागकडची बोली समजून घ्या सोप्या शब्दांत

‘गारी वारीत लाव.’ नागावच्या किनाऱ्याकडे जाताना हे वाक्य कानावर पडलं, तर पुण्या-मुंबईचा मराठी माणूसही क्षणभर गोंधळतो. अर्थ सोपा आहे. गाडी वाडीत लाव. नारळ-सुपारीच्या ज्या वाड्यांमध्ये आज पर्यटकांची राहण्याची सोय होते, त्याच या ‘वाऱ्या’.

अलिबागपासून आठ-नऊ किलोमीटरवर असलेल्या नागावमध्ये सगळेच असं बोलतात असं नाही. पण या पट्ट्यात आगरी आणि कोळी बोली सर्रास कानावर पडते. शहरात तिला पुष्कळदा ‘अशुद्ध मराठी’ ठरवलं जातं. प्रत्यक्षात तिला स्वतःचे पक्के नियम आहेत.

कोणते नियम लक्षात ठेवायचे?

पहिला नियम ‘ड’चा. शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी आलेल्या ‘ड’चा ‘र’ होतो. घोडा म्हणजे घोरा, झाड म्हणजे झार, पडला म्हणजे परला.

दुसरा, ‘ळ’चा ‘ल’ होतो. नारळाचा नारल, मासळीची मासली, जवळ्याचा जवला.

तिसरा, ‘ण’चा ‘न’ होतो. पाणी ‘पानी’ होतं आणि जेवण ‘जेवान’.

हे बदल मनाला येतील तसे होत नाहीत. ‘डोळा’ हा शब्द घ्या. त्याचा ‘डोला’ होतो, ‘रोला’ नाही. कारण सुरुवातीचा ‘ड’ तसाच राहतो. बोलणारा हा नियम शाळेत शिकलेला नसतो, तरी चुकत नाही.

रोजच्या वापरातले शब्द कोणते?

‘मना’ म्हणजे मला, ‘तुना’ म्हणजे तुला. ‘हाय’ म्हणजे आहे आणि ‘कवा’ म्हणजे केव्हा. ‘बापूस’ म्हणजे वडील. ‘दादूस’ म्हणजे मोठा भाऊ, पण ओळखीच्या माणसालाही प्रेमाने दादूस म्हणतात. ‘जेवान झाला का?’ हा प्रश्न बहुतेक वेळा ख्यालीखुशाली विचारण्यासाठीच असतो.

ताटातल्या शब्दांत ‘चिंबोरी’ म्हणजे खेकडा आणि ‘निवटी’ म्हणजे चिखलात उड्या मारणारा मासा. हिवाळ्यातली ‘पोपटी’ म्हणजे वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून, जाळावर भाजून केलेला बेत.

या बोलीत वडीलधाऱ्यांनाही सहज ‘तू’ म्हटलं जातं. अनोळखी पाहुण्याला कुणी एकेरी हाक मारली, तर तो उर्मटपणा समजू नये.

समुद्राचे शब्द का कळायला हवेत?

कारण इथे प्रश्न जिवाचा असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती म्हणजे ‘उधाण’. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढतं, त्याला ‘भांग’ म्हणतात. ओहोटीला ‘सुकती’ असाही शब्द आहे. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे ‘काल या वेळी तर पाणी लांब होतं’ हा हिशेब चुकतो.

किनारा सपाट असला की पाणी बघता बघता आत येतं. रायगडच्या किनाऱ्यांवर वाळूत उतरवलेल्या गाड्या भरतीत अडकल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. म्हणूनच ‘पानी भरतय, गारी वर घे’ असं कुणी ओरडलं, तर शब्दांवर हसण्याआधी गाडी हलवावी.

ही बोली किती जुनी?

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या आगरी बोलीची नोंद आहे. याच जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं. ‘आगरी’ हा शब्द आगर, म्हणजे मिठागर, यावरून आल्याचं मानलं जातं. नागावच्या दक्षिणेला, रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई गाव लागतं. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून तयार झालेली वेगळीच भाषा आजही बोलली जाते. एवढ्याशा पट्ट्यात बोलींची अशी श्रीमंती आहे.

आणि ‘अलिबागवरून आलायस का?’

हा वाक्प्रचार मात्र अलिबागकरांचा नाही. समोरच्याला भोळा किंवा मूर्ख ठरवण्यासाठी तो इतरांनी रूढ केला. त्यावर बंदी घालावी अशी मागणी करणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. जवळपास प्रत्येक समाजावर विनोद होतात, तो अपमान समजू नये, अशी भूमिका घेत न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये ती फेटाळली.

कायद्याने हसणं थांबत नाही, हे खरं. पण टिंगलीच्या भीतीने घरातली पोरं ‘पानी’ सोडून फक्त ‘पाणी’ म्हणू लागली, तर बोली एका पिढीत मागे पडते. पुढच्या वेळी नागावला गेल्यावर कुणी विचारलंच, ‘जेवान झाला का?’, तर शब्द सुधारायला जाऊ नका. ‘झाला’ म्हणा आणि गप्पा सुरू करा.