गॉब्लिनची भाषा चॅटमध्ये कशी बोलायची?

मागच्या वेळी आपण ऑनलाइन खेळात फासे कसे टाकतात ते पाहिलं. आजचा विषय भाषेचा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये एल्फ, बुटके, गॉब्लिन या सगळ्यांच्या आपापल्या भाषा आहेत, आणि आपल्या पात्राला त्यातल्या दोन-तीनच येतात.

टेबलाभोवती बसलो की अडचण नसते. गेममास्टर उठून एकाच्या कानात सांगतो, बाकीचे बघत राहतात. चॅटमध्ये मात्र जे लिहिलं ते पाचही जणांना दिसतं. बरेच गट मग आधी ‘गॉब्लिन भाषेत’ असं लिहून पुढे सरळ मराठी लिहितात. ज्याच्या पात्राला कळत नाही त्याने न कळल्यासारखं वागायचं. मंडळी समजूतदार असली तर चालतं. पण दोन गॉब्लिन पूल तोडायचा बेत करताहेत हे वाचल्यावर, ‘मी पुलावरून जातो’ असं टाइप करताना बोटं थबकतातच.

दुसरा मार्ग खाजगी निरोपाचा. रोल२० वर ती सोय आहे. पण नुसता निरोप पाठवला तर बाकीच्यांना कुणी बोललं हेच कळत नाही. म्हणून आम्ही दोन्ही करायला सांगतो. सगळ्यांसमोर लिहा, ‘म्हातारा गॉब्लिन पुलाकडे बोट दाखवून हसत काहीतरी बोलला’, आणि अर्थ फक्त जाणकाराला पाठवा. आता त्याला तो स्वतःच्या शब्दांत सांगावा लागतो. तो अर्धं गाळेल, कदाचित खोटंही सांगेल. खरा खेळ इथे सुरू होतो!

फाउंड्रीवर ‘पॉलिग्लॉट’ नावाची जोडणी आहे, ती न येणारी भाषा आपोआप अगम्य करून दाखवते. नुसता फॉन्ट बदलून काम भागवू नका. खालची अक्षरं तीच राहतात, कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की गुपित उघडं. शिवाय असे फॉन्ट बहुधा रोमन लिपीपुरतेच असतात. मराठीत लिहिलंत तर देवनागरी जशीच्या तशी दिसणार.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते, ती लिपीची. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत गॉब्लिन आणि राक्षसांची भाषा बुटक्यांच्याच लिपीत लिहितात. म्हणजे बुटक्याला भिंतीवरचा गॉब्लिन मजकूर वाचता येईल, समजणार नाही. आपण नेपाळी पाटी वाचतो ना, तसंच. शब्द उच्चारता येतात, एखादा ओळखीचा वाटतो, बाकी अंधार. अशा वेळी मजकूर पूर्ण झाकू नका. एक-दोन नावं दिसू द्या, उरलेल्याचा अंदाज त्याला बांधू द्या.

आता, कुणालाच येत नाही अशा भाषेत अर्धा तास संवाद चालवला तर? लोक दुसऱ्या टॅबवर जातात, आणि त्यात त्यांची चूक नाही. दोन-तीन ओळी पुरे. नंतर दुभाष्या आणा, किंवा भाषा समजण्याचा मंत्र वापरू द्या. तो तासभर टिकतो. मात्र त्याने समजतं फक्त, उत्तर देता येत नाही. हातवारे करावेच लागतात.