डेन्मार्क आणि अर्जेंटिना : दोन शेतकी देशांची तुलना

जमीन चांगली असली म्हणजे धनी सुखी, ही समजूत आपल्यांत इतकी मुरलेली आहे कीं सोयरीक जमवितांना मुलीचा बाप आधीं जमिनीची प्रत विचारतो आणि मग मुलाची. ही समजूत अगदींच खोटी नाहीं. परंतु ती एकेका देशास लावून पाहूं गेल्यास कशी फसते, याचें ठळक उदाहरण युरोपांतील डेन्मार्क व दक्षिण अमेरिकेंतील अर्जेंटिना हे दोन देश होत. दोन्ही देश शेतीच्या व गुराढोरांच्या मालावर पुढें आले; दोघांचेंही मोठें गिऱ्हाईक एके काळीं इंग्लंड हेंच होतें; आणि इ. स. १९१० च्या सुमारास दोहोंतील दरडोई उत्पन्न, अर्थशास्त्रज्ञांच्या हिशेबाप्रमाणें, जवळजवळ सारखें होतें. आज डेन्मार्कचें दरडोई उत्पन्न अर्जेंटिनाच्या सुमारें पांचपट आहे.

प्रथम निसर्गानें कोणास काय दिलें तें पाहूं. डेन्मार्क लहान देश. क्षेत्रफळ सुमारें ४३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एकसप्तमांशाइतकें. वस्ती साठ लाखांच्या आसपास. कोळसा, लोखंड नाहीं. हिवाळा लांब, त्यामुळें गुरें कित्येक महिने गोठ्यांत बांधून चारावीं लागतात. आणि पश्चिमेकडील जटलंडचा बराच भाग पूर्वीं रेताड, खुरट्या झुडपांचा माळ होता. उलट अर्जेंटिना त्याच्या चौसष्टपट मोठा. तेथील पंपास नांवाच्या सपाट मैदानांत कोसचे कोस नांगरास दगड लागत नाहीं. माती काळी व खोल, पाऊस पुरेसा, हिवाळा सौम्य. गुरें बारमास उघड्यावर चरतात. २०२२ च्या खानेसुमारींत लोकसंख्या सुमारें ४ कोटि ६० लाख भरली, आणि गाईबैलांची संख्या त्याहूनही अधिक आहे. आपल्याकडील एखाद्या जाणत्या शेतकऱ्यास दोन्ही देश दाखविले, तर तो क्षणाचाही विचार न करतां पंपासांतच खुंटी मारील.

आतां माणसांचें जिणें पाहूं. डेन्मार्कांत दवाखाना, शाळा, विद्यापीठ, म्हातारपणचें वेतन हें सर्व मुख्यतः करांतून चालतें. कर भारी आहेत. परंतु दुखण्याबाण्यांत जमीन गहाण टाकावी लागत नाहीं. सरासरी आयुर्मान सुमारें ८१ वर्षें आहे, तर अर्जेंटिनांत तें सुमारें ७७. हा फरक फार मोठा नव्हे, आणि अर्जेंटिना म्हणजे कंगाल देश असें कोणीं समजूं नये. तेथें १८८४ सालींच कायद्यानें प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें झालें. सरकारी विद्यापीठांत पदवीच्या शिक्षणास फी नाहीं. शास्त्रांतील तीन नोबेल पारितोषिकें त्या देशाच्या विद्वानांस मिळालीं आहेत. दुखणें आहे तें अनिश्चिततेचें. २०२३ सालीं तेथें महागाई २११ टक्के वाढली, म्हणजे वर्षारंभीं शंभर पेसोंस मिळणारी वस्तु वर्षअखेर तीनशें अकरांस गेली. २०२४ च्या पहिल्या सहामाहींत, सरकारी मोजणीप्रमाणेंच, शेंकडा ५२.९ लोक दारिद्र्यरेषेखालीं होते. पुढल्या सहामाहींत हें प्रमाण ३८.१ वर उतरलें. अशा देशांत शेतकरी पिकाचे पैसे करून ठेवण्याची घाई करीत नाहीं. साठ मीटर लांबीच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशवींत सुमारें दोनशें टन सोयाबीन भरून ती शेतांतच आडवी टाकतो आणि गरज पडेल तेव्हां, पडेल तेवढें विकतो. नोटा कुजतात, धान्य टिकतें, असा त्याचा अनुभव आहे.

हा फरक आला कोठून? प्रस्तुत लेखकाची हयात महसूल खात्याच्या दफ्तरांत गेली असल्यामुळें, कोणत्याही देशाचा इतिहास वाचतांना लढाया ओलांडून त्याची दृष्टि जमिनीच्या कागदांकडे जाते. डेन्मार्कांतही अठराव्या शतकांत कुळांची स्थिति दीनच होती. १७३३ च्या कायद्यानें शेतकऱ्याच्या तरुण मुलास जमीनदाराची हद्द सोडून जाण्याची बंदी होती. ही बेडी १७८८ सालीं तुटली. त्याच सुमारास आणखी एक मोठें काम झालें. शिवारांत एकेकाचे पट्टे ठिकठिकाणीं विखुरलेले असत. १७८१ च्या कायद्यापासून ते एकत्र करून प्रत्येकास सलग जमीन तोडून देण्यांत आली, आणि पुष्कळांनीं गांवांतील घर मोडून शेतांत नवें बांधलें. (आपल्याकडे तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा १९४७ सालीं झाला, त्याचें पुढें काय झालें हें वाचकांस सांगावयास नको.) १८४४ सालीं तेथें नवी पैमाश अमलांत आली. तींत सर्वोत्तम मातीस २४ हा अंक देऊन बाकीच्या जमिनींची प्रत त्या मानानें उतरती लावली होती, जशी आपल्या पैमाशींत सोळा आण्यांपासून खालीं उतरे. पुढें १८५० च्या कायद्यानें गहाणावर दीर्घ मुदतीचें कर्ज देणाऱ्या संस्था निघाल्या, व कुळें हळूहळू मालक झालीं. शिक्षण १८१४ पासून सक्तीचें होतेंच. १८४४ पासून ग्रुंटविग या धर्मोपदेशकाच्या विचारांवर उभारलेल्या लोकशाळा निघूं लागल्या. तरुण शेतकऱ्यानें हिवाळ्यांत तेथें येऊन राहावें, इतिहास ऐकावा, वाद करावा, गावें, आणि वसंत ऋतु लागतांच नांगराकडे परतावें. परीक्षाही नाहीं आणि प्रमाणपत्रही नाहीं.

अशी तयारी झालेली असतांना दोन संकटें आलीं. १८६४ च्या युद्धांत प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं दक्षिणेकडील प्रांत हिरावून घेतले. तेव्हां १८६६ सालीं डाल्गास नांवाच्या अभियंत्याच्या पुढाकारानें माळ सुधारण्यासाठीं एक मंडळी स्थापन झाली, व जटलंडचा माळ झाडें लावून, चुनखडीची माती घालून लागवडीस येऊं लागला. दुसरें संकट १८७० नंतरचें. आगगाडी व आगबोट यांच्या योगानें अमेरिकेचें व रशियाचें स्वस्त धान्य युरोपांत येऊन कोसळलें. जर्मनी व फ्रान्स यांनीं जकातीच्या भिंती उभारल्या. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनीं उलट हिशेब केला : धान्य स्वस्त झालें आहे ना, मग तें विकत घेऊन गुरांस घालूं आणि लोणी विकूं.

परंतु लोण्यांत एक अडचण होती. मोठ्या जमीनदाराच्या घरचें लोणी इंग्लंडांत चढ्या भावानें जाई. दोन-चार गाई असणाऱ्याचें लोणी व्यापारी पडेल भावानें उचलीत, कारण दहा घरचें दहा रंगांचें व दहा चवींचें. इतक्यांत वेगानें फिरून दुधांतील मलई वेगळी करणारें यंत्र निघालें. आतां अनेक घरचें दूध एकत्र करून एकसारखें लोणी काढतां येणार होतें. मात्र तें यंत्र एकट्यादुकट्यास परवडणारें नव्हतें. १८८२ सालीं पश्चिम जटलंडांतील येडिंग या खेड्यांतील शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन पहिली सहकारी दूधशाळा काढली. पुढें ठिकठिकाणीं जो शिरस्ता पडला तो असा. कर्ज सर्वांनीं एकमेकांस जामीन राहून काढावयाचें. घरखर्चापुरतें वगळून सारें दूध संस्थेसच घालण्याचा करार करावयाचा. बाहेर दोन पैसे अधिक मिळतात म्हणून मध्येंच फुटावयाचें नाहीं. नफा दुधाच्या मानानें वांटावयाचा. परंतु सभेंत मत माणशी एकच. साठ गाईंचा धनी व तीन गाईंचा धनी यांच्या हाताचें मोल सारखें. मलई काढून उरलेलें दूध परत नेऊन सभासद तें डुकरांस घालीत. १८८७ सालीं जर्मनीनें जिवंत डुकरांची आयात बंद केली, तेव्हां त्याच वर्षीं हॉर्सेन्स येथें शेतकऱ्यांचा सहकारी मांस-कारखाना उभा राहिला आणि इंग्रजांच्या न्याहारीस लागणारें खारवलेलें मांस तिकडे जाऊं लागलें. पहिल्या वीस-बावीस वर्षांतच सहकारी दूधशाळांची संख्या हजारावर गेली.

आमच्या भागांतही एका गांवीं दूधसंस्था निघाली होती. वजनकांटा होता, फॅट तपासण्याचें यंत्र होतें. तपासणारा मात्र पंचांपैकीं एकाचा मेहुणा होता. दोन वर्षांत लोक पुन्हां खासगी गवळ्याच्या दारीं गेले. डेन्मार्कच्या हकीकतींत प्रस्तुत लेखकास यंत्रापेक्षां त्या माणशी एका मताचें महत्त्व अधिक वाटतें, तें यामुळें.

अर्जेंटिनांत जमीन माणसांच्या आधीं वांटली गेली. पंपासच्या दक्षिणेकडे व पश्चिमेकडे मूळच्या रहिवाशांचा मुलूख होता. १८७८ ते १८८५ या काळांत जनरल रोका यांच्या मोहिमेनें तो जिंकण्यांत आला. हजारों मूळ रहिवासी मारले गेले अथवा देशोधडीस लागले. मोहिमेचा खर्च भागविण्यासाठीं सरकारनें आधींच रोखे विकले. ४०० पेसोंच्या एका रोख्यामागें एक चौरस लीग, म्हणजे सुमारें सहा हजार एकर जमीन! मोजणीदाराची सांखळी पोंचण्यापूर्वींच उतारा तयार असावा, तसा हा प्रकार. शिपायांस बक्षीस म्हणून दिलेल्या जमिनीच्या चिठ्ठ्याही थोड्याच दिवसांत सट्टेवाल्यांच्या हातीं गेल्या. मग इटली व स्पेन येथून लाखों कष्टाळू शेतकरी बोटींनीं येऊन उतरले. १९१४ च्या खानेसुमारींत दर दहांमध्यें तीन माणसें परदेशांत जन्मलेलीं आढळलीं. परंतु पंपासांतील चांगली जमीन तोंवर बहुतेक मालकीची होऊन गेली होती.

आलेला माणूस कूळ झाला, व तोही दीर्घ मुदतीचा नव्हे. करार तीन ते पांच वर्षांचा. त्यानें कुरण नांगरून गहूं, जवस पिकवावें व शेवटच्या वर्षीं लसूणघास पेरून जमीन मालकास परत द्यावी. मालकाचीं गुरें त्या घासावर पोसलीं जात, आणि कूळ बिऱ्हाड गाड्यावर घालून पुढल्या जमिनीच्या शोधांत निघे. चार वर्षांनीं सोडावयाच्या जागीं कोण झाड लावील, आणि विहीर तरी कोण बांधील? मळणी मालक सांगेल त्याच यंत्रावर, खरेदी तो सांगेल त्याच दुकानांत. देश मात्र बाहेरून झगमगत होता. १९१३ सालीं राजधानी ब्वेनोस आइरेस येथें भुयारी रेल्वे सुरू झाली, आणि १९१४ पर्यंत देशांत तेहेतीस हजार किलोमीटरांवर लोहमार्ग झाले. १९१२ च्या जून महिन्यांत सांता फे प्रांतांतील आल्कोर्ता गांवीं कुळांनीं जमून नांगर बंद ठेवण्याचा ठराव केला, व त्याच वर्षीं त्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली. तिचे पुढारी वकील फ्रान्सिस्को नेत्री यांचा १९१६ सालीं गोळी घालून खून करण्यांत आला.

पुढील काळांत कुळकायदे झाले, १९४३ पासून खंड गोठविण्यांत आले, आणि पुष्कळ कुळें मालकही झालीं. १९३८ सालीं सांता फे व कोर्दोबा प्रांतांतील सहकारी दूधसंस्थांनीं संघ काढला, तो देशांतील मोठ्या दूध-कारखानदारांपैकीं एक झाला. तेव्हां सारा दोष १८७८ च्या रोख्यांवर ढकलणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु मोठे जमीनमालक एका बाजूस व शहरांतील कामकरी दुसऱ्या बाजूस अशी जी फूट पडली, ती भरून निघाली नाहीं. १९३० पासून १९७६ पर्यंत सहा वेळां लष्करानें राज्य उलथविलें. १९४६ सालीं सरकारनें धान्याचा परदेशी व्यापार आपल्या हातीं घेतला; शेतकऱ्यास ठरीव भाव द्यावा, परदेशीं चढ्या भावानें विकावें आणि मधला नफा कारखान्यांकडे व इतर कामांकडे वळवावा. ही पद्धत १९५५ पर्यंत चालली. निर्यातकराच्या रूपानें तिची छाया पुढेंही राहिली. सोयाबीनवरील हा कर २०२० सालीं ३३ टक्के होता. मागाहून तो कमी करण्यांत आला. २००८ सालीं हा कर बाजारभावाबरोबर चढविण्याचा बेत निघाला, तेव्हां शेतकऱ्यांनीं महिनोन्‌महिने रस्ते अडविले. अखेर वरिष्ठ सभागृहांत समसमान मतें पडून उपराष्ट्राध्यक्षांनीं स्वतःच्याच सरकारविरुद्ध मत दिलें व तो बेत फसला. २००१ च्या डिसेंबरांत तर लोकांस बँकेंतील स्वतःचे पैसे आठवड्यास २५० पेसोंपेक्षां अधिक काढतां येत नव्हते.

डेन्मार्कांतही सर्व आलबेल आहे असें नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथें सुमारें दोन लाख शेतकरी-खातीं होतीं. आज तीस हजारांच्या आसपास उरलीं आहेत, आणि त्यांच्यावर कर्जाचा डोंगर आहे. हजारावर दूधशाळा एकमेकींत मिसळत जाऊन आतां अनेक देशांतील शेतकऱ्यांचा एक प्रचंड संघ झाला आहे. त्याच्या सभेस येडिंगच्या सभेप्रमाणें चालत जातां येत नाहीं. खतांतील नत्र वाहून जाऊन खाड्यांतील जीव गुदमरतात. म्हणून २०२४ सालीं असें ठरलें कीं २०३० पासून गुराढोरांच्या वायूवर कर घ्यावा, आणि आजोबा-पणजोबांनीं चर खणून कोरड्या केलेल्या दलदलीच्या जमिनींपैकीं बऱ्याच पुन्हां पाण्याखालीं सोडाव्या.

या दोन देशांचा संबंध अजूनही तुटलेला नाहीं. डेन्मार्कचीं डुकरें आज जी सोयाबीनची पेंड खातात, तिचा मोठा हिस्सा अर्जेंटिनांतूनच येतो. १८८० सालचा स्वस्त धान्य घेऊन महाग माल विकण्याचा हिशेब अद्याप चालूच आहे. पेंडीबरोबर निघणारें तेल मात्र दुसऱ्या वाटेनें जातें. रोसारिओच्या नदीकांठच्या गिरण्यांत गाळलेलें तें तेल बोटींत भरून मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानांत येतें. निर्यातकर तिकडे दोन टक्क्यांनीं हलला किंवा आयातकर इकडे हलला, म्हणजे लातूरच्या आडत्यांत सोयाबीनचा पुकारा वरखालीं होतो.