यंत्राला लाभलेली तांबटाची नजर

तांब्याच्या पत्र्यातून हंडा घडविणारा तांबट हातोडीचा प्रत्येक ठोका कोठे पडला हे नजरेने टिपतो आणि पुढचा ठोका त्या बेताने देतो. पत्र्याला आकार देणाऱ्या यंत्रास अशीच नजर देण्याचे शास्त्र म्हणजे हत्याराच्या स्थानाचे प्रकाशीय मापन होय.

एकाच आकाराचे हजारो भाग हवे असतील तर पोलादी साच्याचा खर्च भरून निघतो. पेरणीयंत्राच्या पेटीचे दहा-वीस नगच हवे असतील तर तो परवडत नाही. अशा वेळी क्रमाक्रमाने घडाई करण्याची पद्धत उपयोगी पडते. गोल टोकाचे हत्यार पत्र्यावर फेऱ्या घेत प्रत्येक फेरीस थोडे थोडे खाली उतरते. या पद्धतीचे अमेरिकन पेटंट एडवर्ड लेझाक यांना १९६७ साली मिळाले.

परंतु पत्रा विरोध करतो. त्यामुळे हत्यार व त्यास धरणारा यंत्रबाहू किंचित लवतो. संगणकाच्या हिशेबी हत्यार ठरल्या जागी असते, प्रत्यक्षात ते मागे राहिलेले असते. ही चूक भाग तयार झाल्यावर उमगली, तर पत्रा आणि श्रम दोन्ही वाया जातात.

मोजणी कशी होते?

भूमापक दोन ज्ञात ठिकाणांहून कोन घेऊन दूरच्या खुणेची जागा ठरवितो. येथेही तेच तत्त्व आहे. दोन कॅमेरे हत्याराच्या दांड्यावरील ठळक खुणा एकाच क्षणी टिपतात आणि संगणक त्यांवरून स्थान काढतो. हत्यार सेकंदास ५० मिलिमीटर सरकत असेल व सेकंदास १०० चित्रे घेतली, तर दर अर्ध्या मिलिमीटरला एक नोंद मिळते. ठरलेल्या व प्रत्यक्ष स्थानातील फरकानुसार पुढील मार्ग सुधारता येतो.

या पद्धतीस मर्यादाही आहेत. वंगणाचे थेंब खुणा झाकतात. एक मीटर पोलाद १० अंश सेल्सिअस तापमानवाढीने सुमारे ०.१२ मिलिमीटर लांबते. म्हणून कॅमेऱ्यांची पारख वेळोवेळी करावी लागते. शिवाय दाब निघाल्यावर पत्रा थोडा उसळून मागे येतो. त्याचे मापन निराळे करावे लागते.

इस्लामपूरजवळ राजारामनगर येथे १९८३ साली राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाली आणि वाळवा तालुक्यातील मुलांना यंत्रशिक्षण घराजवळ मिळू लागले. भूमितीतील त्रिकोण कारखान्यात कसा राबतो, हे शिक्षकांनी शाळेतच दाखविले, तर त्या शिक्षणाचा पाया अधिक भक्कम होईल.